निळ्या घुबडासाठी दोन बोटं कापड

घुबडा, शटर खाली केलंय. दुपारचे तीन वाजलेत, बाहेर मॉलमध्ये शाळा सुटलेल्या पोरांचा नुसता कलकलाट चाललाय आणि माझ्या शिवणकामाच्या दुकानावर 'बॅक इन टेन मिनिट्स'ची पाटी लटकतेय. ही पाटी बारा वर्षांत फक्त तुझ्यासाठी लागली. शेजारचा चावीवाला मला एकदा म्हणालाही होता, "सुनंदा, तुझी दहा मिनिटं फार लांब असतात, मेट." आज का लावलीय ते सांगते. पण त्याआधी मला तुझ्याकडे एक कबुली द्यायचीय, आणि ती सरळ देता येत नाहीये, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. ऐकून घे. तू नेहमीच माझं ऐकून घेतलंस, ऐकलं मात्र एकदाही नाहीस.

तुझं खरं नाव लिहिणार नाही, काळजी नको. तुला पुरून सोळा दिवस झाले आणि अजून वॉलॉंगॉंगमध्ये कोणाला पत्ता नाही की तो निळा मुखवटा घालून रिंगमध्ये उडणारा माणूस सोमवारी सकाळी पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. आमच्या अनिललासुद्धा नव्हता. माझा नवरा तिथेच इंजिनीअर, रोज तुझ्या फोर्कलिफ्टला वाट द्यायला बाजूला व्हायचा, आणि शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये खुर्चीवर उभा राहून तुझ्या नावाने बोंबलायचा. आणि मी शेजारी बसून पॉपकॉर्न खायचे. काय हाल झाले असतील माझे, कल्पना कर. सदतीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापासून लपवलेली एकमेव गोष्ट तू आहेस.

तू पहिल्यांदा आलास तोही असाच दुपारचा वेळ होता. उंच नव्हतास, पण रुंद होतास, आमच्या फ्रिजएवढा. हातात खाकी कागदाची पिशवी. काउंटरपाशी आलास, इकडे तिकडे बघितलंस आणि म्हणालास, "शटर खाली करता का, प्लीज?" मी पुण्याची, ऑस्ट्रेलियात आले तरी. दुपारी दुकान बंद ठेवायला आमची ना नसते, पण गिऱ्हाईकाने सांगितल्यावर नाही! मी कापड कापायची मोठी कात्री उचलली. तू घाबरून दोन्ही हात वर केलेस आणि पिशवीतून निळा मुखवटा काउंटरवर पडला. झालं, माझी खात्रीच पटली. चोर! तोही असा बावळट, की आधी तोंड दाखवून मग मुखवटा काढतोय.

"मी पैलवान आहे," तू म्हणालास. "शनिवारी कुस्ती आहे आणि हा कानापाशी फाटलाय. शिवणारा मेक्सिकोत. पोस्टाला तीन आठवडे लागतात." मग जरा थांबून म्हणालास, "जो मुखवटा शिवतो त्याला आमचा चेहरा बघावाच लागतो. बाकी कोणी बघायचा नसतो."

"अरे, पण तू तर सगळ्या मॉलमधून उघड्या तोंडाने आलायस!"

"हो. पण हे तोंड कोणाचं, ते आता फक्त तुम्हाला माहीत आहे, दोन्या सुनंदा."

नाव तू पाटीवर वाचलं होतंस. 'दोन्या' म्हणजे काय ते मी विचारलं, तर म्हणालास, आमच्याकडे मोठ्या मानाच्या बाईला म्हणतात. बोलणं सगळं इंग्रजीत चाललेलं, पण तुझा तो 'यू' मला पहिल्या दिवसापासून 'तुम्ही' असाच ऐकू आला. मी मात्र तुला लगेच अरे-तुरे सुरू केलं. कात्री खाली ठेवली आणि शटर खाली ओढलं.

समुद्राकाठचं गाव, त्यामुळे माझ्याकडे स्विमर्सच्या, म्हणजे पोहायच्या कपड्यांच्या, दुरुस्त्या भरपूर. ताणलं जाणारं कापड, त्याची सुई, त्याचा दोरा, सगळं होतं. मुखवटा उलटा करून बघितला तर चार तुकडे, मागे बुटासारख्या नाड्या, डोळ्यांभोवती मोठाल्या पांढऱ्या चकत्या आणि वर दोन टोकं, कानांसारखी. "हे कोण? मांजर?" मी विचारलं.

तुझा अपमान झाला. "तेकोलोते," तू छाती काढून म्हणालास. "आऊल. निळं घुबड. माझे वडील पहिलं निळं घुबड, मी त्यांचा मुलगा."

मला हसू आवरेना. म्हटलं, "बाबा रे, आमच्यात घुबड म्हणजे अपशकुन. आणि एखाद्याला घुबड म्हणणं म्हणजे तर शिवी!" तुझा चेहरा असा काही फुलला! "आमच्याकडेही अपशकुन! म्हणून तर वडिलांनी घेतलं. ते रिंगमधले वाईट होते. लोकांनी त्यांना बघून बोंबा मारायला हव्या होत्या." मग मी आणखी फोडणी घातली. आजी सांगायची ते सांगितलं, की घुबडाला दगड मारायचा नसतो, ते दगड झेलतं आणि घासत बसतं, आणि दगड झिजतो तसा मारणारा माणूस झिजत जातो. तू मुखवट्याबिखवट्याचं विसरलास. ते मला तीनदा सांगायला लावलंस. झेलतं कसं, घासतं कशावर, किती वेळ. मला वाटलं, काय विचित्र माणूस आहे.

त्या शनिवारी मी अनिलला ओढत घेऊन गेले. क्लबचा हॉल, घडीच्या खुर्च्या, स्टीलवर्क्सची माणसं, युनिव्हर्सिटीची पोरं, आयांच्या मांडीवर चिल्लीपिल्ली. मला कुस्ती म्हणजे मातीतली, लंगोट आणि गप्प बसलेले पंच एवढंच माहीत. इथे तर दिवे, गाणी, आणि एक बाई शेजारी बसून समोरच्या पैलवानाला त्याच्या आईवरून बोलत होती. कोणीतरी तुझ्यावर पॉपकॉर्नचा रिकामा डबा फेकला. तू तो एका हाताने झेललास. सगळ्यांकडे सावकाश मान फिरवून बघितलंस. आणि रिंगच्या खांबावर तो डबा घासायला लागलास. घासतोय, घासतोय. हॉल आधी गप्प झाला, मग वेडा झाला. फेकणारा माणूस खुर्चीखाली लपायचं नाटक करत होता. माझी आजी, जी सासवडच्या पुढे कधी गेली नाही, तिची गोष्ट वॉलॉंगॉंगला टाळ्या घेत होती. मला भरून आलं रे. तेवढ्यात त्या दुसऱ्याने तुला मागून उचलून आपटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ऊठ घुबडा, ऊठ!"

माझा आवाज कसा आहे ते तुला माहीतच आहे. पुढच्या रांगेतल्या पोरांनी ते उचललं. "गुबाड! गुबाड!" महिन्याभरात अख्खा हॉल म्हणायला लागला. बारा वर्षं म्हणाला. अर्थ एकालाही माहीत नव्हता, आणि मी सांगितला नाही.

तुझी आधीची सगळी गोष्ट मला कापडाच्या मापांसारखी तुकड्यातुकड्याने कळली. सतराव्या वर्षी वडिलांनी मुखवटा हातात दिला, तेव्हा तुला वाटलं आता जग जिंकलं. आणि पहिली तीन वर्षं लोकांनी तुला हाणून पाडलं. बापासारखा उडत नाही, बापासारखा पडत नाही, बापाच्या जिवावर आलाय. तू सांगायचास आणि हसायचास, पण तुझ्या मानेची शीर ताठ व्हायची. मग मुखवट्याची पैज लागली. दोघांनी मुखवटे डावावर लावायचे, हरणाऱ्याने सगळ्यांसमोर तो काढायचा आणि स्वतःचं नाव सांगायचं. तू जिंकलास. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं, त्या दिवसापासून तुला कोणी बापाचा मुलगा म्हणून हिणवलं नाही. पण तू मला सांगितलंस ते वेगळंच. समोरच्याने नाड्या सोडल्या तेव्हा आत एक टक्कल पडलेला, दमलेला माणूस होता आणि तो रडत होता. "मी त्याला हरवायला गेलो होतो, दोन्या सुनंदा. पण त्या दिवसानंतर तो राहिलाच नाही. नुसता एक माणूस राहिला." तुझे वडील तीस वर्षं खेळले आणि मुखवट्यासकट रिंगमधून बाहेर पडले. तुलाही तसंच बाहेर पडायचं होतं. तुझ्या सगळ्या आयुष्याचं म्हणणं एवढंच होतं.

मी तुझ्याशी भांडायचे. हे आधीच ठरलेलं असतं ना, कोण जिंकणार ते? मग कसली पैज आणि कसला मान? बारा वर्षांत तू या प्रश्नाला हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस. एकदाच वैतागून म्हणालास, "तुम्ही नवरीला ब्लाउज देता तेव्हा शिवणीची उलटी बाजू दाखवता का?" मी म्हटलं, "विषय बदलू नकोस." तू म्हणालास, "मी बदलत नाहीये." भांडण तिथेच राहिलं. आता मला वाटतं तू जिंकला होतास, पण तेव्हा कबूल केलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास.

आणि दुसरं भांडण. मार्जिनचं. कबुली हीच आहे, घुबडा.

तो पहिला मुखवटा दुरुस्त करून करून जीर्ण झाला, तेव्हा तू म्हणालास, नवा तुम्हीच शिवा. मी जुना उसवला, खाकी कागदावर चारही तुकडे उतरवले, तुझ्या डोक्याची मापं घेतली. कपाळ, कानापासून कान, हनुवटीखालून वर. तुझी मुलगी पालोमा तेव्हा बारा वर्षांची, टेपचं दुसरं टोक तिने धरलं होतं. मुखवटा असा झाला, की तू आरशासमोरून हलेनास. आणि मग तू तो उलटा केलास. "हे काय?"

"काय म्हणजे? मार्जिन. दोन बोटं."

"मुखवट्याला मार्जिन नसतं! शिवणीलगत कापायचं. कानाला लागतं हे."

मी समजावलं. ब्लाउज असो, ड्रेस असो, आमच्या हाताला सवयच ती. दोन्ही बाजूंना दोन बोटं कापड आत सोडायचं. माणूस आज आहे तसा उद्या नसतो. कापून टाकलं की संपलं, मग शिवणारी कितीही हुशार असली तरी उपयोग नाही. तू हसलास. "माझं डोकं वाढणार नाही, दोन्या सुनंदा. मी चाळिशीचा आहे."

"बायकाही असंच म्हणतात," मी म्हटलं.

"कापा," तू म्हणालास. दोन बोटांची कात्री करून दाखवलीस.

मी म्हटलं, "बरं, कापते."

नाही कापलं. कात्री लावली होती, खोटं कशाला बोलू. पण हात चालेना. मी ते कापड आत चपटं दुमडलं, बारीक हातशिलाईने दाबलं, वरून अस्तर टाकलं, इतकं साफ की बोट फिरवलं तरी लागू नये. तू घालून बघितलास, मान हलवलीस, "आता बरोबर," म्हणालास. आणि मी हसून 'नो वरीज' म्हटलं. तुला सरळ सरळ फसवलं मी. तो मुखवटा घालून तू बेल्ट जिंकलास, तेव्हाही माझं कापड आत होतं. पार पश्चिमेकडे कालगुर्लीच्या खाणवाल्यांसमोर ट्रकच्या उघड्या पाठीवर रिंग लावून खेळलास, मुखवटा धुवायला आला तेव्हा बादलीभर लाल पाणी निघालं, तेव्हाही होतं. पोर्ट केम्बलाच्या एका शेडमध्ये तू पोरांना फुकट शिकवायला लागलास, पडायचं कसं ते आधी आणि पाडायचं कसं ते नंतर, तेव्हाही. एकदोनदा तू डावा कान चोळत म्हणालास, इथे काहीतरी लागतंय का? मी म्हटलं, वय झालंय तुझं. केवढी निर्लज्ज!

मग गेल्या वर्षी फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी स्टेरॉइड्स सुरू केली आणि तुझा चेहरा सुजत गेला, गाल वर आले, डोळे बारीक झाले. तू दुकानात येईनासा झालास. आणि नेमकं त्याच वेळी तुझ्या शेवटच्या कुस्तीची तारीख ठरलेली. ती भरवणारा माणूस तुझ्या मागे लागला होता, की शेवटी मुखवटा काढ, लोकांना चेहरा दाखव, हॉल फुटेल एवढी गर्दी होईल. तू नाही म्हणालास. त्याने तरी पोस्टरवर छापलंच, 'मुखवटा उतरणार का?' गावभर ते पोस्टर. फिश अँड चिप्सच्या दुकानात मी स्वतः एक फाडलं.

कुस्तीच्या चार दिवस आधी पालोमा आली. हातात तीच खाकी पिशवी. आता बावीस वर्षांची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, खांदे तुझेच. शटर तिनेच खाली ओढलं. "सुनंदा आँटी, इट वोन्ट क्लोज," ती म्हणाली. "मागे नाड्यांमध्ये एवढी फट राहते. पापा म्हणतात, बाहेर असं जाण्यापेक्षा जाणारच नाही. नवा शिवायला वेळ आहे का?" आणि ती रडायला लागली. ती रडताना मी पहिल्यांदा बघितली. लहानपणी सायकलवरून पडून कोपर मोडलं तेव्हाही रडली नव्हती.

घुबडा, त्या क्षणी मला काय झालं सांगू? मला आनंद झाला. खरंच. तू आजारी, पोर रडतेय, आणि मी गालातल्या गालात हसत होते. मी म्हटलं, "पालोमा, डोळे पूस आणि ती टाके काढायची उसवणी दे इकडे."

अस्तर उसवलं. उजवी बाजू उघडली, माझे बारीक टाके, माझं दुमडलेलं कापड, दोन बोटं, नव्यासारखं निळं. पालोमाने तोंडावर हात ठेवला. मग डावी बाजू उघडली. आणि तिथे माझे टाके नव्हते.

जाड दोरा. वाकडेतिकडे टाके, एक लांब, एक आखूड, बूट शिवल्यासारखे. मध्ये एके ठिकाणी कात्रीचा लहानसा चरा, फक्त नखाएवढा, आणि तिथेच थांबलेला. तू उघडलं होतंस. केव्हातरी कान लागला म्हणून उघडलंस, माझं कापड बघितलंस, कापायला घेतलंस. आणि मग तुझ्या त्या लाकडी बोटांनी परत दुमडून शिवून टाकलंस. मला एका शब्दाने बोलला नाहीस. किती वर्षांपूर्वी, देव जाणे. दोरा पार विटलेला होता. मी आपली समजत होते, की मी तुला फसवतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलास. श्वास लागला होता, पालोमाने खुर्ची दिली. मी मुखवटा चढवला, मागे नाड्या ओढल्या, एक एक भोक करत वरपर्यंत. बसला. एक सुरकुती नाही. तू आरशात बघितलंस आणि मग डाव्या कानावर बोट ठेवलंस, तिथेच, आणि माझ्याकडे बघितलंस. मला सगळं बोलायचं होतं. तुलाही असेल. तू तुझ्या भाषेत आभार मानलेस, "ग्रासियास, दोन्या सुनंदा." मी म्हटलं, "मान फार वळवू नकोस, नवी टीप आहे." इतक्या वर्षांचं आपण दोघांनी एवढ्यात उरकलं.

आणि शनिवार! काय तो शनिवार, घुबडा! हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही. जोडीची कुस्ती होती, सगळी धावपळ तुझ्या शिष्याने केली, तू कोपऱ्यात दोर धरून उभा. अनिल माझा हात दाबून म्हणत होता, "आज हा हलत का नाहीये?" मी त्याच्यापुढे पॉपकॉर्न केलं. शेवटी शिष्याने हात पुढे केला, तू त्याच्या हातावर थाप मारलीस आणि आत आलास. समोरच्या दोघांनी तुला घेरलं. एकाने मागून नाड्यांना हात घातला, हॉल ओरडला, पोस्टरवालं आता होणार असं सगळ्यांना वाटलं. माझी टीप, माझी गाठ, माझा जीव! नाडी सुटली नाही. तू वळलास, त्याचं मनगट धरलंस, सावकाश. तेवढ्यात कोणीतरी पॉपकॉर्नचा डबा फेकला, आणि तू दुसऱ्या हाताने तो झेललास.

तू तो खांबावर घासलास. हॉल म्हणत होता, "गुबाड, गुबाड," आणि समोरचा दोन पायांवर झिजत झिजत खाली बसला, काय सुंदर बसला तो मुलगा, त्यालाही सलाम. मग तू दोरावर चढलास. सगळ्यात खालच्या दोरावर, बाराएक इंचांवर. हात पसरलेस. वडिलांसारखे नाही, तुझे तुझेच. आणि पडलास त्याच्यावर. एक, दोन, तीन. मी खुर्चीवर उभी होते. साडीत. साठीची बाई. माझं ब्लाउज काखेत उसवलं, तेही मार्जिन ठेवलेलं होतं म्हणून बचावलं.

तू मुखवटा घालून आत गेलास आणि मुखवटा घालून बाहेर आलास. ते खरं की आधी ठरलेलं, हे मला आता विचारायचं नाही.

दोन महिने मिळाले त्यानंतर. तू गेलास तेव्हा पालोमाने फक्त आम्हाला आणि शेडमधल्या पोरांना बोलावलं. नाड्या मीच बांधल्या. घट्ट नाही, तुला आवडतात तेवढ्या. अनिल पेटीशेजारी उभा होता, तुझ्या छातीवरच्या हातांकडे बघत. तुझी ती वाकडी करंगळी, रोज फोर्कलिफ्टच्या स्टिअरिंगवर त्याला दिसायची ती. गाडीत बसल्यावर म्हणाला, "रोज गुड मॉर्निंग म्हणायचा गं मला." मग सिग्नलला म्हणाला, "बारा वर्षं?" मी म्हटलं, "बारा वर्षं." घरी आल्यावर त्याने चहा केला, दोघांसाठी, आणि माझा कप जरा जास्तच जपून माझ्या हातात दिला.

एक भांडण मात्र तू अर्धंच टाकून गेलास, असं मला वाटत होतं. तू म्हणायचास, घुबड माझ्याबरोबर संपू दे, पालोमाला तिचं आयुष्य आहे. मी म्हणायचे, तिचं आयुष्य काय आहे ते शेडमध्ये जाऊन बघ, ती तुझ्यापेक्षा छान पडते. तू तोंड फिरवायचास. रुग्णालयातही फिरवलंस. मी घरी येऊन अनिलजवळ तुला यथेच्छ शिव्या घातल्या. एका गिऱ्हाईकाबद्दल बोलतेय असं त्याला सांगितलं.

आणि परवा पालोमाचा फोन आला. आज साडेतीनला येते म्हणाली. म्हणून शटर खाली, म्हणून पाटी. टेप गळ्यात आहे, खाकी कागद पसरलाय, निळं कापड काल सिडनीहून आणलं. ती फोनवर म्हणाली, "आँटी, पापांनी मला शेवटी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मी विचार करत होते की तुम्हाला सांगू की नको."

म्हटलं, "सांग."

"म्हणाले, मुखवटा हवा असेल तर दोन्या सुनंदाकडे जा." मग दुसरी गोष्ट सांगितली. "आणि म्हणाले, त्यांना सांग, आतलं कापड कापू नका."

शटरवर टकटक झाली बघ. आली तुझी पोर. उठते.